खांड पडलेली खार पुन्हा भाताखाली आणायची आहे, सुरुवात कुठून करावी?

खाडीकाठ

धरमतर खाडीच्या काठाला, खारेपाटात चाळीस एकरांची एक खार, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली भातजमीन आहे. त्यातली अडीच एकर आमची. बाहेरकाठ्याला (खाडीकडच्या बांधाला) तीन पावसाळ्यांपूर्वी खांड (भगदाड) पडली, आज तिची रुंदी १२-१३ फूट आहे. मोठ्या उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला) खारं पाणी शेतात शिरतं, भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसांत शिरत नाही. उघाडीला (बांधातल्या पाणी सोडायच्या दाराला) दोन झडपा आहेत, त्यातली एक गंजून अर्धवट उघडीच अडकली आहे. पूर्वी इथे राता हा खार सोसणारा भात व्हायचा. तीन वर्षं सगळी खार पड आहे.

जानेवारीत मातीचा नमुना दिला होता. रिपोर्टमध्ये सामू (पीएच) ७.९ आणि क्षारता ६.८ आली आहे. पूर्वेच्या कोपऱ्यात साधारण चार गुंठ्यांत तिवराची (कांदळवनातल्या झाडाची) गुडघाभर रोपं उगवली आहेत, बाकी जागी मोरस ही खाऱ्या जमिनीतली वनस्पती पसरली आहे.

विचारायचं असं: जिप्सम टाकून जमीन सुधारेल का, आणि एकरी किती लागेल? यंदाच्या खरिपात भात घेता येईल का, कुठला वाण घ्यावा? तिवराची रोपं लहान आहेत तोवर उपटली तर चालतील का? एकाने कोळंबीच्या तळ्यासाठी ही जमीन भाडेपट्ट्याने मागितली आहे, त्याचाही विचार चालू आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

---

उधाणभांग

तुमच्या चार प्रश्नांत एकही बांधाचा नाही, आणि खरं काम तिथेच आहे. खांड उघडी असेपर्यंत जिप्सम, बियाणं, खत यांवर एक रुपयाही घालू नका. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. खाडीत ते काहीसं कमी असेल, पण पावसाने महिनाभर धुतलेलं शेत एका उधाणात पुन्हा खारं होतं.

आधी चौकशी करा, की तुमची खार शासकीय योजनेत आहे की खाजगी. शासकीय असेल तर बांध आणि उघाडीची देखभाल खारभूमी विकास विभागाकडे येते, १९७९ च्या महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियमाखाली. त्यांचं पेणला कार्यालय आहे. चाळीस एकरांतल्या सगळ्या खातेदारांच्या सह्यांचा एकच अर्ज द्या, सोबत खांडीचं ठिकाण, रुंदी आणि भरतीच्या वेळचे फोटो. एकट्याचा अर्ज देऊ नका. बांध सगळ्यांचा असतो, पूर्वी जोळ काढून गाव एकत्र बांधबंदिस्ती करायचं ते याच कारणाने. खाजगी योजना असेल तर खातेदारांनाच करावं लागेल. दोन्ही बाबतींत काम कसं व्हायला हवं ते ठाऊक असलेलं बरं, म्हणून लिहितो.

खांड बुजवण्याचा दिवस पंचांग बघून धरायचा. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे दोन दिवस उधाण सगळ्यात मोठं असतं, अष्टमीनंतरचे दोन-तीन दिवस भांग असतो. बुजवणी भांगातच, तीही ओहोटी लागल्यावर सुरू करायची. खुंट, बांबूच्या चटया, मातीच्या गोण्या असं सगळं सामान आधीच्या उधाणातच बांधावर जमा करून ठेवा. भांग लागल्यावर सामान शोधत बसलात तर पंधरवडा गेलाच म्हणून समजा.

सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक म्हणजे दोन्ही बाजूंनी माती टाकत मधला भाग अरुंद करत नेणं. बारा फुटांतून जाणारं पाणी चार फुटांतून जायला लागलं की त्याचा वेग वाढतो, तळ खरवडला जातो आणि शेवटच्या चार फुटांत कितीही गोण्या टाका, त्या वाहून जातात. त्याऐवजी पूर्ण रुंदीत तळापासून थर चढवत न्यायचे. खुंटांच्या दोन रांगा साधारण दीड मीटर अंतरावर ठोका, आतून चटया लावा आणि मध्ये गोण्यांचा एकसारखा उंबरठा तयार करा. प्रत्येक ओहोटीला तो उंबरठा हातभर वर घ्या. भरतीचं पाणी त्याच्यावरून पसरून जाईल, एकाच जागी घुसणार नाही. तेवढे दिवस उघाडीच्या झडपा वर बांधून ठेवा, म्हणजे आतलं-बाहेरचं पाणी सारखं राहील आणि ताज्या मातीवर दाब येणार नाही. शेवटचा थर पडला की झडपा खाली सोडायच्या.

खांडीच्या जागी डोह पडला असणार. काठीने खोली मोजा. खोली मीटरभरापेक्षा जास्त असेल तर बांध डोहावरून नेऊ नका, तो बसत राहील. आतल्या बाजूने वळसा घेऊन नवा तुकडा बांधा. चार-दोन गुंठे जातील, पण बांध टिकेल. बाहेरून वळसा घेणं सोपं दिसतं, पण तिथे कांदळवन असेल तर तो विषयच बंद.

उंची ठरवताना जुन्या बांधाकडे बघू नका, तो बसलेला असतो. एखाद्या भरतीला पाणी जिथवर चढलं तिथे खुंट ठोका आणि त्या दिवसाचा मुंबईच्या भरतीच्या तक्त्यातला आकडा लिहून ठेवा. समजा तो ४.२ मीटर होता आणि वर्षभरातली सर्वात मोठी भरती तक्त्यात ४.९ आहे. म्हणजे खुंटावरच्या खुणेपेक्षा ०.७ मीटर पाणी आणखी चढणार. त्यावर लाटा आणि वाऱ्यासाठी एक मीटर. बांधाचा माथा खुणेच्या १.७ मीटर वर हवा. त्यातही सुमारे १५ टक्के उंची बसण्यासाठी जास्तीची ठेवा. फेब्रुवारीतलं उधाण बघून उंची ठरवली तर पावसाळ्यात पाणी माथ्यावरून जातं, आणि पाणी वरून गेलं की मातीचा बांध आतल्या बाजूने कापला जातो.

उतार समुद्राकडे १:३, शेताकडे १:२. दोन मीटर उंच आणि माथ्याला दीड मीटर रुंद बांध म्हटला तर पायाला ६ + ४ + १.५ = साडेअकरा मीटर जागा लागते. जागा वाचवायला बाहेरची बाजू उभी ठेवतात आणि तीच आधी ढासळते. गाभा चिकणमातीचा, वरून मुरूम, लाटेच्या बाजूला दगडाचं पिचिंग (रचून केलेलं अस्तर). माती २०-२५ सेंटिमीटरच्या थरांनी घालून चोपायची. पोकलेनने ढीग ओतून वरून बादली आपटली म्हणजे थर बसला असं होत नाही. आणि माती बांधाच्या पायथ्याशी खणून घेऊ नका, निदान दहा मीटर लांबून घ्या.

मे महिन्यात ओल्या मातीचा नवा बांध उन्हाने तडकतो. पेंढा अंथरून त्यावर अधूनमधून पाणी मारा. पडलेल्या भेगा पहिल्या पावसाळी उधाणाआधी ओल्या चिकणमातीने ठासून भरा.

---

क्षारपड_अभ्यासक

वरच्या उत्तराशी पूर्ण सहमत. बांधाचं ठरलं असं धरून मातीबद्दल लिहितो.

रिपोर्टमधला ६.८ हा आकडा वाचताना एक गोष्ट सुटते. आपल्याकडच्या प्रयोगशाळा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी मिसळून क्षारता मोजतात. पिकं किती क्षार सोसतात याचे तक्ते मात्र संपृक्त लगद्याच्या अर्कावर (माती पाण्याने पूर्ण भिजवून त्यातून काढलेल्या पाण्यावर) असतात. चिकण जमिनीत हा दुसरा आकडा ढोबळमानाने तिप्पट येतो. म्हणजे भाताच्या मुळांना जाणवणारी क्षारता ६.८ नसून वीसच्या आसपास आहे. भाताचं उत्पादन साधारण ३ डेसिसायमन प्रति मीटर (क्षारतेचं एकक) इथपर्यंत घटत नाही, पुढे दर एककाला सुमारे १२ टक्के घटतं, ७ च्या थोडं पुढे गेलं की निम्म्यावर येतं. त्यामुळे जिथे जायचंय तो आकडा ४ च्या आत, आणि तिथवर नेणारी गोष्ट आहे कोकणचा पाऊस.

जिप्समबद्दल: तुमचा सामू ७.९ आहे. जिप्समचं काम मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम हटवून तिथे कॅल्शियम बसवण्याचं. मोकळं मीठ ते काढत नाही, मीठ फक्त गोड्या पाण्याने निघतं. तरीही ते सरसकट निरुपयोगी नाही. समुद्राचं पाणी तीन वर्षं खेळलेल्या मातीत सोडियम कणांवर बसलेला असतो, पण भरपूर मीठ असल्याने माती दाणेदार दिसते आणि सामूही फार चढत नाही. पावसाने मीठ धुतलं गेलं की हीच माती पाण्यात विरघळल्यासारखी होते, वर पापुद्रा धरते, पाणी मुरेनासं होतं. म्हणून प्रयोगशाळेकडून विनिमयक्षम (कणांवर बसलेल्या) सोडियमचं प्रमाण मागवून घ्या. ते १५ टक्क्यांच्या वर असेल तरच जिप्सम, आणि किती ते त्यांनी काढलेल्या जिप्सम गरजेप्रमाणे. दुकानात विचारून एकरी इतक्या गोण्या, असं करू नका. टाकायचं झालं तर धुण्याआधी, जूनच्या सुरुवातीला वरच्या १०-१५ सेंटिमीटरमध्ये मिसळा.

नमुना मे मध्ये पुन्हा घ्या. जानेवारीत क्षार अजून पूर्ण वर आलेले नसतात, मे मध्ये ते शिगेला असतात. ०-१५, १५-३० आणि ३०-६० सेंटिमीटर असे तीन वेगळे नमुने. वरचा पांढरा थर खरवडून बाजूला करा, तो नमुन्यात गेला तर आकडा फसवा येतो. तिवराच्या कोपऱ्याजवळची माती स्वतंत्र द्या. तिथला चिखल काळा असेल आणि सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर मूठभर माती चार-सहा आठवडे सावलीत वाळवा, अधूनमधून ओलसर करा आणि सामू पुन्हा मोजा. तो ४ च्या खाली घसरला तर त्या मातीत गंधकाचं खनिज आहे आणि निचरा करून वाळवली की आम्ल तयार होईल. केरळच्या कुट्टनाडमध्ये ही अडचण मोठी आहे. कोकणात सगळीकडे नसते, पण कांदळवनाच्या चिखलात तपासून घेतलेलं चांगलं.

आता धुण्याचं गणित. ३० सेंटिमीटर जाडीच्या थरातलं सुमारे ८० टक्के मीठ काढायला तितकंच, म्हणजे ३० सेंटिमीटर पाणी त्या थरातून *खाली उतरावं* लागतं. नुसतं वर साचून चालत नाही. पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटर पडतो, पाण्याची कमी नाही. अडचण अशी की चिकण खाजणात (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत) पाणी दिवसाला पाच-आठ मिलिमीटरच मुरतं. म्हणजे १० जूनला सुरुवात केली तर ४०-६० दिवस हवेत. म्हणून मुरवणं आणि वरच्यावर धुऊन काढणं, दोन्ही जोडीने करायचं.

पाऊस लागण्यापूर्वी कोरडी नांगरट करून ढेकळं तशीच राहू द्या. दर २०-२५ मीटरवर ४५-६० सेंटिमीटर खोल चर काढा, ते मुख्य पाटाला आणि पाट उघाडीला जोडा. बांध्या घालून ८-१० सेंटिमीटर पाणी दोन-तीन दिवस कोंडा आणि ओहोटीच्या वेळी सोडून द्या. असं निदान चार-पाच वेळा. या काळात चिखलणी करायची नाही! चिखल केला की मातीची भोकं बुजतात आणि मुरणं थांबतं. चिखलणी शेवटी, लावणीच्या तोंडावर. त्या चिखलणीतही बरंच मीठ पाण्यात उतरतं, म्हणून ते पाणी एकदा सोडून नवं पावसाचं पाणी घ्यायचं. पण गढूळ पाणी लगेच सोडू नका, बारीक चिकण गाळ आणि त्याबरोबर अन्नद्रव्यं खाडीत जातात. अर्धा दिवस निवळू द्या.

खिशात मावणारा क्षारता मीटर घ्या. शेतात साचलेल्या पाण्याचा आकडा दोन दिवसांनंतरही २ च्या आत राहिला तर लावणीला हरकत नाही. ३-४ दाखवत असेल तर आणखी एक धुणं.

---

खाडीकाठ

दोघांचे मनापासून आभार. चाळीस एकरांचं पाणी एका ओहोटीत उघाडीतून निघेल का? झडप साधारण तीन फूट बाय तीन फूट आहे. शिवाय भरती असताना मोठा पाऊस झाला तर?

---

उधाणभांग

गणित करून बघा. चाळीस एकर म्हणजे सुमारे १६ हेक्टर. त्यावर १० सेंटिमीटर पाणी म्हणजे १६,००० घनमीटर. भरती-ओहोटीचं एक चक्र सुमारे १२ तास २५ मिनिटांचं, त्यात बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा खाली असण्याचा वेळ पाच तास धरा. म्हणजे सेकंदाला जवळपास ०.९ घनमीटर निघायला हवं. तीन फुटी झडपेचं तोंड ०.८ चौरस मीटरच्या आसपास, पाण्याचा वेग सेकंदाला एक मीटर धरला तर एक झडप ०.८ घनमीटर काढते. दोन्ही झडपा नीट चालल्या तर हिशेब सुटतो, एकीवर सुटत नाही. २०० मिलिमीटर पावसाच्या दिवशी दोन ओहोट्या मिळून ३२,००० घनमीटर काढायचे, म्हणजे पुन्हा तेच. भरतीच्या सहा-सात तासांत पडलेलं पाणी शेतात उभं राहणारच, त्याला इलाज नाही. भात ते सहन करतं, पण नुकत्या लावलेल्या रोपांचे शेंडे बुडालेले असता कामा नयेत. म्हणून लावणी मोठ्या उधाणाच्या तोंडावर धरू नका.

म्हणजे अडकलेली झडप हे किरकोळ काम नाही. झडप वरच्या बिजागरीवर लोंबते. ओहोटीला आतलं पाणी तिला बाहेर ढकलतं, भरती तिला चौकटीवर दाबून बंद करते. बिघडते ती चार कारणांनी. बिजागरीचा खिळा गंजतो, चौकट आणि झडप यांच्यामध्ये ओंडका किंवा प्लास्टिक अडकतं, कडेची रबरी पट्टी झिजते, नाहीतर बाहेर गाळ साचून झडप उघडायलाच जागा उरत नाही. लोखंडी असेल तर बदलताना फायबरची घ्या, खिळा स्टेनलेस स्टीलचा. आतल्या बाजूला उघाडीच्या तीन-चार मीटर अलीकडे उभ्या गजांची जाळी लावा, म्हणजे कचरा तिथेच अडेल. बाहेरचा गाळ मे मध्ये काढून टाका.

आणि मासे पकडायला झडपेत दगड किंवा लाकूड घालून ती उघडी ठेवण्याची सवय सगळ्या खाडीपट्ट्यात आहे. एका रात्रीच्या जाळ्यासाठी चाळीस एकरांत खारं पाणी येतं. खातेदारांनी पाळी लावून उधाणाच्या रात्री उघाडी बघायलाच हवी.

---

किनारा_नियम

तिवराच्या प्रश्नावर स्पष्ट उत्तर: उपटू नका, एकही रोप नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये अंतरिम आदेशाने आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने राज्यभर कांदळवन तोडायला मनाई केली आहे. जमीन खाजगी असली तरी ती लागू आहे, आणि कांदळवनाभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही राखायचा आहे. रोप लहान आहे, तीन वर्षांपूर्वी नव्हतं, सातबाऱ्यावर भात आहे, यातल्या कशानेही तोडण्याची मुभा मिळत नाही. सार्वजनिक कामासाठी तोडायचं झालं तरी उच्च न्यायालयाची परवानगी लागते. म्हणून बांधाची आखणी आणि यंत्र नेण्याची वाट दोन्ही तिवर टाळून करा, आणि काम सुरू करण्यापूर्वी वनखात्याच्या कांदळवन कक्षाला लेखी कळवा.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट १८ जानेवारी २०१९ च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेत आहे. १९ फेब्रुवारी १९९१ पूर्वीचा बांध किंवा उघाडी असेल तर भरतीरेषा त्या बांधाच्या रेषेपर्यंतच धरली जाते. पण बांधाच्या आत खारं पाणी शिरून कांदळवन वाढलं, तर ते क्षेत्र सर्वात कडक वर्गात जातं. म्हणजे खांड जितकी वर्षं उघडी राहील तितकी तुमची भातजमीन कायद्याने कांदळवन होत जाईल. आज चार गुंठे आहेत, आणखी तीन पावसाळ्यांनी एकरभर होतील. घाई करायची ती यासाठी.

बांध १९९१ पूर्वीचा असल्याचे पुरावे आत्ताच गोळा करा: जुने गाव नकाशे, योजनेची कागदपत्रं, जुन्या सातबाऱ्यावरची पीकपाहणी. खांड पडण्यापूर्वीची आणि नंतरची उपग्रह छायाचित्रं तारखेसह काढून ठेवा. यंदापासून ई-पीक पाहणीत जे खरोखर शेतात असेल तेच नोंदवा. वर्षानुवर्षं 'पड' राहिलेली नोंद नंतर अडचणीची ठरते.

त्या चार गुंठ्यांचं काय, तर तो कोपरा सोडून द्या. त्याच्या अलीकडून छोटा आडवा बांध घालून बाकीची शेती वेगळी करता येते का ते विभागाच्या अभियंत्याला विचारा. आणि बाहेरच्या बाजूच्या तिवर-चिप्पीकडे शत्रू म्हणून बघू नका. बांधापुढे कांदळवनाचा रुंद पट्टा असेल तर लाट बांधावर पोचेपर्यंत तिचा जोर निघून जातो. पिचिंगचे दगड जिथे सारखे निसटतात ती जागा बहुतेक वेळा उघड्या खाडीसमोरची असते.

कोळंबीबद्दल. शेतजमिनीचं खाऱ्या पाण्याच्या कोळंबी तळ्यात रूपांतर करायला किनारी जलकृषी प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचना परवानगी देत नाहीत, आणि नोंदणीशिवाय किनारी भागात असं तळं चालवता येत नाही (२००५ चा कायदा). समुद्रकिनारी शेतं आणि कांदळवनं कोळंबीखाली जाण्यावर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच कडक निकाल दिला होता. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी चाळीस एकरांच्या मधोमध वर्षभर खारं पाणी उभं राहिलं की ते शेजारच्या बांध्यांत पाझरतं. तुमच्या अडीच एकरांचं भाडं शेजाऱ्यांच्या भाताला भरावं लागेल. भाडेकरार संपल्यावर जी जमीन परत मिळते तिचं काय होतं ते वर क्षारपड_अभ्यासक यांनी लिहिलेल्या गणितावरून समजेलच.

---

रहू_आवण

भाताचं मी लिहितो.

वाण: पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राचे (दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं केंद्र) पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ हे याच जमिनींसाठी काढलेले आहेत. जुन्या रात्यातले निवडलेले काळा राता १-२४ आणि भुरा राता ४-१० हेही आहेत. पहिल्या वर्षी मी अर्ध्या क्षेत्रात राता आणि अर्ध्यात पनवेलचा वाण घेईन. राता उंच वाढतो, पाण्यात उभा राहतो, खार जास्त सोसतो, पण लोळतो आणि उतारा कमी. जमीन दोन पावसाळे धुतली गेली की सुधारित वाणाला अधिक जागा द्या. बियाण्याची मागणी केंद्राकडे मार्च-एप्रिलमध्येच नोंदवा.

भात खारापुढे दोनदा हळवं असतं: रोप दोन-तीन पानांचं असताना आणि फुलोऱ्यात. उगवताना आणि फुटव्यांच्या वेळी ते बऱ्यापैकी टिकतं. सगळं नियोजन यावर बसवा.

रोपवाटिका खारीत करायचीच नाही, गोड्या जमिनीत करा. एकराला चार गुंठे, गादीवाफे मीटर-सव्वामीटर रुंद, ८-१० सेंटिमीटर उंच. बियाणं एकरी २०-२४ किलो, कारण चुडात (एका जागी लावायच्या रोपांच्या जुडीत) रोपं जास्त लागतात. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाका, तरंगतं ते काढून टाका, तळाचं दोनदा गोड्या पाण्याने धुऊन सावलीत सुकवा.

क्षारपड_अभ्यासकांच्या हिशेबाने शेत जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तयार होईल. तेव्हा रोप २५-३० दिवसांचं असायला हवं. म्हणजे पेरणी जूनच्या शेवटी, पहिल्या पावसाला नाही. इथे लोक चुकतात: सगळ्यांबरोबर ७ जूनला पेरतात, मग शेत धुतलेलं नसताना रोपाचं वय जास्त होतंय म्हणून लावून टाकतात. पंधरा दिवसांत पानांची टोकं पांढरी पडतात आणि चुडं बसतात. १८-२० दिवसांचं कोवळं रोपही नको, ते खारात तग धरत नाही.

लावणी १५ बाय १५ सेंटिमीटर, चुडात ४-५ रोपं. मेलेले चूड आठ-दहा दिवसांत सांधून घ्या, त्यासाठी कडेला थोडी रोपं राखून ठेवा. काही जण खारीत रहूच बरा म्हणतात. जमीन मुरलेली असेल तर मोड आलेलं बी चिखलात फेकून छान येतं. पण तीन वर्षं खारं पाणी खेळलेल्या शेतात नाही, कारण दोन पानांचं हळवं रोप तिथेच वाढणार.

खत: हेक्टरी १००:५०:५० किलो (नत्र:स्फुरद:पालाश) ही भाताची नेहमीची शिफारस, म्हणजे एकरी ४० किलो नत्र, युरियात ८७ किलो. ४० टक्के लावणीला, ४० टक्के फुटव्यांना, २० टक्के पोटरीच्या सुमारास. खाजणात पालाश बहुतेक भरपूर असतं, रिपोर्टमध्ये जास्त दिसलं तर पोटॅशवर पैसे घालू नका. नत्र मात्र कमीच असतं आणि वरून फेकलेला युरिया उडूनही जातो, ओहोटीबरोबर वाहूनही जातो. खत दिल्यावर निदान तीन दिवस बांधीतलं पाणी सोडू नका. युरिया-डीएपी ब्रिकेट चार चुडांच्या मध्ये ७ सेंटिमीटर खोल खोचली तर हे नुकसान वाचतं, पण त्यासाठी लावणी ओळीत हवी. पानांवर तांबूस ठिपके येऊन वाढ थांबली तर जस्ताची कमतरता असू शकते, एकरी १० किलो झिंक सल्फेट.

सप्टेंबरअखेर पाऊस ओढला की ५-७ सेंटिमीटर पाणी कोंडून ठेवा. शेत उघडं पडलं तर खालची खार चार-पाच दिवसांत वर येते, आणि नेमकं तेव्हा फुलोरा असतो. लोंबी पांढरी आणि पोकळ निघाली की लोक किडीचं औषध मारतात. आधी पाण्याची क्षारता मोजा.

---

खाडीकाठ

कोळंबीचा विचार सोडला, तिवराला हात लावणार नाही. सामाईक अर्जाच्या सह्या या आठवड्यात घेतो. भात काढल्यावर ओलाव्यावर वाल टाकता येईल का? शेजारच्या गावात भातानंतर वाल आणि पांढरा कांदा होतो.

---

क्षारपड_अभ्यासक

शेजारच्या गावातली ती जमीन गोडी असणार. वाल-घेवड्याच्या कुळातली पिकं खारापुढे सगळ्यात नाजूक, घेवड्याचं उत्पादन १ डेसिसायमनपासूनच घटायला लागतं, कांद्याचं १.२ पासून. भात निघाल्यावर तुमची खार पुन्हा ६-८ कडे जायला लागेल. पहिली दोन वर्षं रब्बीचं पीक घेऊ नका. त्याऐवजी कापणी झाल्या झाल्या, ओल असतानाच उथळ नांगरट करा आणि पेंढ्याचा काही भाग जमिनीवर राहू द्या. खालून वर येणारी केशनलिका तुटते, वरची जमीन झाकलेली राहते, मे मध्ये पांढरा थर निम्म्यानेही दिसत नाही. पेंढा जाळून टाकला की हा फायदा गेला. पुढे प्लास्टिक अस्तराचं शेततळं करून पावसाचं पाणी साठवता आलं तर बीट करून बघता येईल, ते ४ पर्यंत तग धरतं.

---

उधाणभांग

एक राहिलं. बांध झाल्यावर पहिल्या पावसाळ्यात प्रत्येक उधाणाला, भरती पूर्ण भरल्यावर बांधाच्या *आतल्या* पायथ्याने चालत जा. ओल दिसली तर पाणी निवळ आहे की गढूळ ते बघा. निवळ झिरपा असेल तर खूण करून ठेवा, ओहोटीला बघता येईल. गढूळ असेल तर आतून माती वाहते आहे, बहुधा खेकड्याचं बीळ आरपार गेलं आहे, आणि काही तासांत खांड पडू शकते. आतून तोंड बुजवू नका, पाणी बांधाच्या पोटात कोंडून शेजारून फुटतं. आत झिऱ्याभोवती गोण्यांचं गोल कडं करा, त्यात पाणी चढू द्या म्हणजे दाब कमी होतो. ओहोटी लागली की बाहेरच्या बाजूचं बीळ शोधून खणा आणि पेंढा मिसळलेली चिकणमाती ठासून भरा. यासाठी पन्नासेक भरलेल्या गोण्या पावसाळाभर बांधावर तयार ठेवा. बांधावर मोठी झाडंही लावू नका. झाड मेलं की कुजलेल्या मुळाची जागा हीच पाण्याची नळी होते, गवत पुरे.